पेडल दाबून धरलं नाही

माझी शेवटची पोस्टिंग लडाखला होती. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. आमच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःच गाडी पास करायची नाही, असा नियम होता. दुसरा मेकॅनिक तपासून सही करी, मगच गाडी गेटबाहेर जाई.

एका सकाळी ०५४० ला कॉन्व्हॉय खोळंबला. वायरलेस वाजला.

"वर्कशॉप, गाडी तैयार? ओव्हर."

"काम हो गया. सेकंड चेक बाकी. ओव्हर."

"कितना टाइम?"

"बीस मिनट."

पलीकडून शिवी आली. गाडी वीस मिनिटांनीच निघाली. ती चालवणारा नायक संभाजी जत तालुक्यातला. खिडकीतून हसून म्हणाला, "उस्ताद, तुमी तर साहेबालाबी ताटकळत ठेवलं!"

आम्ही एकाच वर्षी पेन्शनवर आलो. मी तासगावला राहतो. संभाजीने एक जुनी कार घेतली. दोन वर्षांपूर्वी नवरात्रात तिचा ब्रेक नरम लागायला लागला, म्हणून तो माझ्याकडे आला. आम्ही गावातल्या एका गॅरेजमध्ये गेलो. साठीतला मिस्त्री ब्रेकचं पेडल दाबून मिनिटभर तसाच बसला.

"हळूहळू खाली जातंय. मास्टर सिलिंडर आतून गळतोय, बदलावा लागंल. पार्ट उद्या सांगलीहून येईल."

आदल्याच महिन्यात दुसऱ्या एका गॅरेजने माझ्या गाडीचे चांगले पार्ट काढून भंगार बसवलं होतं. तेव्हापासून माझ्या लेखी सगळे गॅरेजवाले चोर. चार गिऱ्हाइकांसमोर मी म्हणालो, "काका, फौजी बघून खर्च वाढवला व्हय? पंधरा वर्षं ब्रेकच केलेत मी."

"मग तुमीच करा," मिस्त्री म्हणाला. "पण पेडल दाबून धरून बघा. एवढं ऐका."

घरी मी पॅड बदलले, ऑइल बदललं, लाइनमधली हवा काढली. संभाजी पेडल मारत होता. "लय घट्ट झालं, उस्ताद!" मीही एकदा दाबलं. घट्ट होतं. दाबून धरलं नाही. सपाट रस्त्यावर एक फेरी मारली. फौजेत मी दुसऱ्याला दाखवलं असतं. इथे दाखवायला माणूस एकच होता, तो मिस्त्री, आणि त्याच्याकडे परत जायची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी संभाजी एकटाच औंधला यमाईच्या दर्शनाला गेला. सकाळी १११५ च्या सुमारास डोंगर उतरताना ब्रेक गेला. समोर पायऱ्यांवरून माणसं उतरत होती. नारळ विकणाऱ्या बाईने पाहिलं, त्याने स्टिअरिंग फिरवून गाडी डोंगराच्या अंगाला घातली. तो जागीच गेला. बाकी कुणाला खरचटलंही नाही.

ब्रेक मी केले होते, हे मी पोलिसांना सांगितलं. संभाजीच्या बायकोला, वहिनींनाही सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "उस्तादांचा हात लागलाय, आता काळजी न्हाई, असं म्हणून गेले."

गिऱ्हाइकाला फसवणारा गॅरेजवाला गुन्हेगार आहे, हे मी आजही चौकात उभं राहून सांगेन. पण त्या मिस्त्रीने खरं सांगितलं होतं आणि मी त्याला चोर ठरवलं. माफी मागायला गेलो तेव्हा त्याने हातातलं काम थांबवलं नाही.

संभाजीच्या गावात शहिदांचा स्तंभ आहे. त्यावर ड्युटीवर असताना गेलेल्यांचीच नावं आहेत. त्याचं नाही, आणि नियमाने ते बरोबर आहे. पंधरा ऑगस्टला मी तिथे जातो. नावं वाचून होतात, सलामी होते, लोक चहाकडे वळतात. मी सावधान उभा राहतो आणि एक नाव मोठ्याने घेतो.

नायक संभाजी.