पाचव्या दोऱ्याची गाठ

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्यानं चरवी कलती केली की मी आत डोकावणार, वाण्यानं तराजू उचलला की त्याच्या करंगळीकडे बघणार. शाळेतल्या मुली माझ्या पाठीमागे मला काय म्हणत, तेही मला ठाऊक होतं. तर अशा बाईला दादांनी लिलावाला पाठवलं.

दादा म्हणजे माझे वडील. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, बेलापूरच्या घरात आम्ही दोघंच. मी तिथल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होते आणि दादांनी जन्मभर पोथ्या उतरवून देण्याचं काम केलं. त्यांचं अक्षर असं, की आंधळ्यानंही हात फिरवून बघावं. कागद आखायला त्यांच्याकडे एक लाकडी पाटी होती, तिच्यावर अंतराअंतरानं दोरे ताणलेले. कागद वर ठेवून अंगठ्यानं दाबला की दोऱ्यांच्या खुणा उमटत, त्याच ओळी. दहा वर्षांची असताना मी त्यातला पाचवा दोरा तोडला आणि भीतीनं स्वतःच गाठ मारून ठेवली. दादांनी एक चपराक दिली, पण दोरा काही बदलला नाही. पुढे त्यांच्या प्रत्येक पानावर पाचव्या ओळीत मोहरीएवढा उंचवटा येई आणि दादा तेवढी जागा सोडून अक्षर लिहीत.

दुसरी मोठी लढाई संपून वर्षही झालं नव्हतं. कोल्हारचे एक इनामदार वारले. पोथ्यांचे मोठे शौकीन, पोटी मूलबाळ नाही. मुंबईचा पुतण्या आला आणि त्यानं सगळं विकायला काढलं. ते ऐकल्यापासून दादांचं अन्नावरचं मन उडालं. दोन दिवसांनी म्हणाले, त्यात एक वैद्यकाची पोथी आहे ती आपली आहे, माझ्या आजोबांनी लिहिलेली. चौदा वर्षांपूर्वी इनामदारांनी वाचायला म्हणून नेली आणि परत दिलीच नाही. ती परक्याच्या हाती पडली तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

मी म्हटलं, एवढ्या वर्षांत मागितली का नाहीत? तर म्हणाले, मोठ्या माणसाकडे मागायची कशी. हे मला पटलं. इनामदार लोक असेच, नेताना गोड बोलतात. मी रजा टाकली. निघताना दादांनी पुन्हा बजावलं, "रुमाल सोडू नकोस. पानं सुटी होतील. बांधलेली आहे तशीच आण."

लिलाव श्रीरामपूरला होता, स्टेशनाजवळच्या एका कापसाच्या गोदामात. उरलासुरला माल तिथून रेल्वेनं मुंबईला न्यायचा पुतण्याचा बेत होता. मी टांग्यानं पोचले तो गोदामापुढे ही गर्दी! पोथ्यांची आवड असलेली इतकी माणसं आपल्या तालुक्यात आहेत, हे मला नवीनच होतं. मनात पाल चुकचुकली. अर्धेअधिक किराणावाले होते, हे मग कळलं. कागदाची इतकी टंचाई होती की पुड्या बांधायला कागद मिळेना, म्हणून ते ग्रंथ घ्यायला आले होते. पण बाकीचे कशाला आले होते, ते कळेना. शेतकरी माणसं, डोक्याला विटके पटके, आणि सगळ्यांची नजर त्या बांधलेल्या गठ्ठ्यांवर.

आमची पोथी मी लांबूनच हेरली. लालभडक खारव्याच्या जाड कापडात बांधलेली, गठ्ठ्यांत सर्वांत मोठी. वर चिठ्ठी होती, 'अतिप्राचीन, तीनशे वर्षांपूर्वीची'. मला हसू आलं. माझे पणजोबा काय तीनशे वर्षांचे होते? पुतण्या चांगलाच बनेल दिसत होता. तेवढ्यात तो आणि पागोटेवाला एक शेतकरी कोपऱ्यात गेले आणि एकाच्या उपरण्याखाली दोघांनी हात घातले. जनावरांच्या बाजारात सौदा असाच ठरतो, बोटं दाबून, बाहेरच्याला आकडा कळत नाही. झालं! माणूस पेरलाय, भाव चढवायला. मी त्या पागोट्यावरून नजर काढली नाही.

पुण्याहून आलेले एक चष्मेवाले गृहस्थही होते. जुन्या पोथ्यांचे जाणकार म्हणून पुतण्या त्यांच्या मागेपुढे करत होता. त्यांनी आमच्या रुमालाची एक बाजू सैल केली, दोनचार पानं वर उचलून उजेडात धरली, बोट फिरवलं आणि पुन्हा नीट बांधून ठेवली. आता हे घेणार, असं मला वाटलं. मी सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि सांगितलं की ही आमच्या घरची पोथी आहे, माझे वडील बेलापूरला पोथ्या उतरवतात, त्यांच्या आजोबांच्या हातची ही.

"तुमच्याच घरची आहे, बाई," ते म्हणाले. "मी लिलावात सवाल बोलणार नाही. तुम्ही घेऊन जा."

इतकं सरळ कुणी वागतं का? हा नक्की दुसऱ्या कुणाकडून बोलवणार, असं मी धरून चालले. आभारसुद्धा मानले नाहीत, याची आजही लाज वाटते.

लहान गठ्ठे किराणावाल्यांनी पटापट उचलले. आमचा रुमाल पुढे आला. मी सवाल बोलले, लगेच पागोटेवाला बोलला. मी वाढवलं, त्यानं वाढवलं. पुण्याचे गृहस्थ खिडकीतून बाहेर बघत होते, मला वाटलं मुद्दामच बघताहेत. पुकारणारा पागोटेवाल्याच्या नावानं "एक वार, दोन वार" म्हणाला आणि माझा तोल गेला. मी भर गोदामात त्या शेतकऱ्याला विचारलं, बाबा रे, तुला अक्षर तरी वाचता येतं का? कुणाच्या सांगण्यावरून माझ्या वडिलांची पोथी ओढतोयस?

तो बिचारा गांगरला. "पोथी? मला काय करायचीय पोथी! आमच्या गावात दवंडी झाली, बारा रुमाल लिलावात हायेत. रेशनात कापड मिळंना, डोईचा रुमाल पार फाटला, म्हनून आलो. बाई येवढ्या भांडत्यात म्हंजी कापड लई चांगलं आसनार, म्हनून वाढवत हुतो."

सगळं गोदाम हसलं. दप्तराच्या माणसांनी बांधलेल्या गठ्ठ्याला रुमाल म्हटलं होतं आणि अख्ख्या पंचक्रोशीनं डोक्याचा रुमाल ऐकला होता. आणि ते उपरण्याखालचे हात? तेही त्यानंच सांगितलं. इनामदारांची बैलजोडी तो मागत होता आणि सौदा फिसकटला होता. मी इतकी खजील झाले की काय सांगू. मग त्यानंच तोड काढली, कागद तुमी घ्या, फडकं मला द्या. दादांनी रुमाल सोडू नकोस म्हणून बजावलं होतं. पण त्या फाटक्या पागोट्याकडे बघून मला नाही म्हणवेना. मी पैसे भरले, गाठी सोडल्या, खारवा त्याला दिला आणि पोथी पदरात घेऊन टांगा मिळेपर्यंत स्टेशनातल्या बाकावर येऊन बसले.

पानं सुटी होऊ नयेत म्हणून एकावर एक नीट लावायला घेतली. कागद पिवळा, कडा तपकिरी, चहाच्या रंगाच्या. अक्षर जुन्या वळणाचं, दादांचं नव्हे. पणजोबांचा हात म्हणून मी भक्तीनं त्यावरून बोट फिरवलं. पाचव्या ओळीत बोट अडखळलं. मोहरीएवढा उंचवटा. त्याच्या अलीकडे अक्षर संपत होतं आणि पलीकडे सुरू होत होतं. दुसरं पान घेतलं, पाचवी ओळ, तोच उंचवटा. तिसरं पान, चौथं पान. मी शेवटपर्यंत गेले. तीनशे वर्षांपूर्वीच्या पोथीत पानोपानी माझी गाठ होती.

गाडी आली, गेली. मला वडिलांचा संताप आला, रडूही आलं. पुण्याच्या गृहस्थांना बोट फिरवताच पोथी नवी आहे हे कळलं होतं, मी वडिलांचा धंदा सांगताच उरलेलंही, आणि त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. मग मी वर्षं मोजू लागले. दादा म्हणत ती पोथी इनामदारांकडे गेली ते वर्ष कुठलं? मी सतरा वर्षांची होऊन पुण्याला ट्रेनिंगला गेले, तेच. त्या वेळी दादांनी सांगितलं होतं की फीसाठी तुझ्या आईच्या पाटल्या मोडल्या. आईच्या हातात मी जन्मात पाटल्या पाहिल्या नव्हत्या. दूधवाल्याच्या चरवीत डोकावणारी मी, एवढी एक गोष्ट तेवढी विचारली नव्हती.

घरी आले तर दादा ओट्यावर बसून होते. पोथी बघून त्यांचा चेहरा खुलला, मग खारवा दिसेना तसा पडला. रुमाल कुठाय म्हणाले. मी शेतकऱ्याची गंमत सांगितली, ते हसले नाहीत. पानं पाहिलीस का, असं त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"तुमच्या आजोबांचं अक्षर माझ्यानं वाचवत नाही," मी म्हटलं. त्यांनी पोथी आत नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंब त्यांनी पेटवला. एरवी ते माझं काम. मी चूल सारवत राहिले, अंगणात गेले नाही. कागद जळल्याचा वास आला तसा पदर नाकाशी धरला. बऱ्याच वेळानं दादा आत आले, हाताला राख लागलेली. गप्प राहायचं मी रात्रीच ठरवलं होतं, पण माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"दादा, आईच्या पाटल्या कशा होत्या हो?"

ते उंबऱ्यातच थांबले. हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले.

"पाणी निवतंय," ते म्हणाले. "आंघोळीला जा."

मी गेले. पाणी चांगलं कढत होतं.