मिटू नये ती नळी

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी कोंबडीच्या अंड्यातल्या भ्रूणांचं चित्रण करत होते. सुरुवातीला भ्रूण म्हणजे पेशींचा चपटा थर. मग त्याच्या दोन कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि जुळून नळी होते. पुढे तिचाच मेंदू आणि मज्जारज्जू होतो. थर वाकतो, कारण त्यातल्या पेशी वरच्या तोंडाशी आवळल्या जातात, बटव्याची नाडी ओढावी तशा. ही ओढ थांबवणारं औषध घातलं की नळी उघडीच राहायला हवी.

माझी मात्र मिटत होती.

प्रयोगशाळेत आम्ही दोघीच. दुसरी माझ्याहून वर्षानं पुढे, रोज खाप्याहून बसनं येणारी. त्याच बाटलीतलं औषध ती घ्यायची, भ्रूणांच्या वाट्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायची आणि तिच्या नळ्या नेमक्या उघड्या राहायच्या. माझं चित्रण पाहून आमच्या मार्गदर्शक मॅडमनी शांतपणे विचारलं, "औषध खरंच घातलं होतंस ना?"

त्या वर्षी परिषदेला दोघींपैकी एकीलाच पाठवणार होते. मनीषनगरच्या माझ्या भाड्याच्या खोलीवर पोचेपर्यंत माझी खात्री झाली होती की माझ्या वाट्यांना हिचाच हात लागतोय.

मी वेगळी बाटली मागवली, झाकणावर नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि फ्रिजमध्ये पार मागे लपवली. ती चहाला उठली की मीही उठायचे. तरी नळी मिटलीच. हिनं ठिपकाही पुसून पुन्हा दिला असेल, असं मला वाटलं.

एका सकाळी तिनंच माझ्यासमोर स्टूल ओढलं. "काहून वं, चोरावानी काहून पाहून राहिली माझ्याकडं?"

"माझ्याच नळ्या का मिटतात?"

"मले काय माहीत? मले तर वाटते, तू औषध टाकतच नाही."

मला राग आला आणि तिलाही माझा संशय आहे हे कळून थोडं हायसंही वाटलं. त्याच दिवशी एका बाटलीतून दोघींनी एकमेकींसमोर औषध घातलं. एक वाटी माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, एक तिच्या इन्क्युबेटरमध्ये. जेवायला गेलो तेही बरोबरच, दाराला कुलूप लावून आणि किल्ली मॅडमकडे देऊन. संध्याकाळी माझी नळी मिटलेली होती, तिची उघडी.

ती बराच वेळ माझ्या वाटीवर पडलेल्या उजेडाकडे पाहत राहिली.

"हा निळा लाइट दिवसभर चालू असते का?"

"चित्रणाला लागतो."

"माझी वाटी तर अंधारात असते."

मॅडमनी शोधून काढलं, निळ्या उजेडात ते औषध निकामी होतं. लाल उजेडात चित्रण केलं तेव्हा कडा अर्ध्या वाटेवर थांबल्या.

परिषदेला तीच गेली. निघताना म्हणाली, "आता तरी शक गेला का?"

"गेला," मी म्हटलं.

ती गेल्यावर मी तिचा प्रयोग पहिल्यापासून स्वतः करून पाहिला. नळ्या उघड्याच निघाल्या. हे तिला मी कळवलं नाही.