पलीकडचा खांब दिसेपर्यंत

ज्ञानोबाच्या तोंडाला लगाम नव्हता. मयूर विहारातल्या आमच्या सोसायटीमागच्या मैदानावर तो वीस वर्षं मराठी मंडळाच्या मुलांना खो-खो शिकवत होता, आणि वीस वर्षं पालक त्याच्या तक्रारी करत होते. मूळचा निलंग्याकडचा, इथे एका मंत्रालयात शिपाई. सरकारने शिपायांचं 'मल्टिटास्किंग स्टाफ' असं बारसं केलं तेव्हा म्हणाला, "नाव लांब केलं, स्टूल तेच ठिवलं." तीस वर्षं दिल्लीत काढूनही त्याची बोली तसूभर हलली नव्हती.

"पळायलीस का पाहुण्यांला पानी द्यायलीस गं?"

"काका, मेरा पैर मुड गया!"

"मग मराठीत लंगड की."

पोरं हसायची आणि पळायची.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत ते हसणं थांबलं. अलवरला मराठी मंडळांच्या स्पर्धा होत्या. रविवारी शेवटचा सामना संपेतो अंधार पडला, धुकं उतरलं, म्हणून मुलांना तिथल्या शाळेच्या हॉलमध्येच झोपवलं. इथवर शहाणपण होतं. पण सोमवारी पहाटे चारला ज्ञानोबाने सगळ्यांना उठवून गाडी काढायला लावली. "दो घंटा रुक जाते हैं," असं ड्रायव्हर म्हणाला होता. ज्ञानोबाने ऐकलं नाही. त्याला नऊच्या आत ऑफिसातल्या हजेरीच्या मशिनवर अंगठा लावायचा होता. मानेसरच्या अलीकडे हायवेवर उभा असलेला ट्रेलर कोणालाच दिसला नाही. ड्रायव्हर आणि तीन मुलं गेली. पुढच्या सीटवरचा ज्ञानोबा वाचला; डावा गुडघा तेवढा कायमचा ताठला.

"अंगठ्यापायी तीन लेकरं खाल्ली," असं आम्ही म्हणायला लागलो. मागून नाही, तोंडावर. त्याच्या बायकोला, गिरिजाला, चैत्रातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं गेलं नाही. भाजीच्या गाड्यापाशी तो आला की माणसं पिशव्या उचलून बाजूला होत.

आणि हा माणूस एप्रिलमध्ये, ताठलेला पाय ओढत, पुन्हा मैदानावर आला. गळ्यात शिट्टी, हातात फक्कीची पाटी. रोज संध्याकाळी वाकून वाकून पांढऱ्या रेघा मारायचा आणि रिकाम्या मैदानाकडे बघत बसायचा. आम्हाला तो कोडगेपणा वाटला. एका सकाळी दोन्ही खांब उपटलेले निघाले. कोणी उपटले हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. ज्ञानोबाने पहारीने खड्डे खणून ते परत रोवले. पुन्हा उपटले गेले. तेव्हा मैदानाच्या मधोमध उभा राहून तो बाल्कन्यांकडे बघत ओरडला, "उपटा! किती बी येळा उपटा! मला गाडायला येतंय!"

पावसाळ्यानंतर मुलं येऊ लागली. सगळ्यांत आधी आली अक्षया, पंधरा वर्षांची. ती त्या गाडीत होती, आणि गेलेल्या तिघांतला समर्थ तिचा धाकटा भाऊ. ट्यूशनचं नाव सांगून यायची. तिच्यामागून एकेक करत बाकीचे आले. डिसेंबरात तिच्यासकट बरोबर नऊ झाले. खेळायला नऊच लागतात.

अक्षयाची आई देवयानी ज्ञानोबाच्याच मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. त्याचं स्टूल तिच्याच खोलीबाहेर. वर्षभर तो तिच्यासमोर फायली ठेवत होता आणि ती मान वर न करता घेत होती. ट्यूशन कसली ते कळलं त्या दिवशी तिने मंडळाची सभा बोलवायला लावली. मागणी एकच: खांब काढा, तिथे बॅडमिंटन कोर्ट करा.

सभेत ज्ञानोबा दाराशी उभा राहिला. बस असं त्याला कोणी म्हटलं नाही. अध्यक्ष परीक्षित विषय वाचू लागले, तर देवयानी मध्येच उठली.

"ज्ञानोबा, ऊन पडेपर्यंत थांबता आलं नसतं?"

"आलं असतं."

"मग का नाही थांबलात?"

"चुकलं माझं."

"चुकलं एवढंच? कारण सांगा ना. सगळ्यांसमोर सांगा."

"हजेरी."

"एका दिवसाच्या हजेरीने काय झालं असतं तुमचं?"

"बोल की आता!" कोणीतरी मागून ओरडलं. देवयानीने पर्समधून ज्ञानोबाच्या नावचा मेमो काढला आणि त्यावरची सरकारी हिंदी स्वतःच वाचली. महिन्यात तीन वेळा विलंब, "भविष्य में एक मिनट की भी देरी पर अवकाश काटकर कार्रवाई की जाएगी." म्हणजे रजा कापून वर कारवाई. तारीख त्या स्पर्धेच्या आदल्या शुक्रवारची. खाली सही तिची.

"वर्षभर हे सांगितलं नाहीत," ती म्हणाली. तिचा आवाज चिरत होता, पण रडण्याने नाही. "लोक थुंकत होते तरी नाही सांगितलंत. माझ्यावर उपकार करत होतात? फाइल ठेवताना रोज मनात म्हणत असाल, बघ, तुला वाचवतोय."

"उपकार न्हाई न् काई न्हाई," ज्ञानोबा उखडला. "कागूद तुमचा, गाडी माझी. चारला निघा असं तुमच्या कागदात कुठं लिवलंय? डायवर थांब म्हनला, मी थांबलो न्हाई. तुमच्या वाट्याचं तुम्ही बघा म्याडम. माझ्या वाट्याला हात लावू नका."

"तुमच्यावर माझा काडीचा विश्वास नाही."

"ठिवू बी नका."

"अक्षया खेळेल. पण यंदाच्या स्पर्धेला अलवरला मी बरोबर येणार. माझी पोरगी तुमच्या हाती पुन्हा एकटी देणार नाही."

"या. डबा आपला आपला आना."

बॅडमिंटनचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

जानेवारीत आमची पोरं अलवरच्या त्याच मैदानावर उतरली. पहिल्याच सामन्यात समोरच्या संघाच्या बाजूने एक बाप्या ओरडला, "इनको जल्दी हराओ भाई, इनको ऑफिस जाना है!" लोक हसले. ज्ञानोबाने शिट्टी दातांत इतकी दाबली की तिला चीर गेली.

अक्षया चौकात बसली होती. अपघातानंतर मागून हात लागला की ती जागच्या जागी गोठायची. मागून खो मिळाला, आणि ती उठलीच नाही.

"ऊठ गं! कुनी मारायलंय का तुला? खो दिलाय!" ज्ञानोबा गरजला.

"ओरडू नका तिच्यावर!" देवयानी त्याच्या अंगावर धावली, आणि त्याच श्वासात मैदानाकडे वळून त्याच्या दुप्पट आवाजात किंचाळली, "अक्षया, ऊठ!"

पोरगी उठली. नंतर शेवटच्या गड्याला तिने खांबावर सूर मारून बाद केलं. गुडघे सोलवटले. रविवारी संध्याकाळी आमचा तिसरा नंबर आला. ज्ञानोबा म्हणाला, "तिसरा म्हंजे काय नंबर अस्तोय का?" आणि कप पिशवीत टाकला.

मग त्याने ड्रायव्हरकडून गाडीची चावी मागून घेतली आणि आतल्या खिशात घातली.

सोमवारी सकाळी सात वाजता शाळेच्या व्हरांड्यातून पायरीपुढचं काही दिसत नव्हतं. ज्ञानोबा पायरीवर ताठला पाय पसरून बसला होता. देवयानीचा फोन वाजला. अकराला डायरेक्टरांकडे मीटिंग होती, फाइल तिच्या कपाटात. ती आत-बाहेर करू लागली. साडेसातला म्हणाली, "विरळ झालंय की आता."

"न्हाई झालं."

"हळूहळू जाऊ. ड्रायव्हर तयार आहे."

"मैदानाच्या त्या टोकाचा खांब दिसू द्या. त्याच्यामागची भिंत दिसू द्या. मग."

"ज्ञानोबा, चावी द्या. मला अकराला पोचायचंय!"

हॉलच्या दारात मुलं बॅगा घेऊन उभी होती. ज्ञानोबाने मान वर केली नाही. "मेमो द्या मला," तो म्हणाला.

"देईन! देणारच!"

"द्या."

ती बोलायला गेली आणि अडखळली. आपण काय मागतोय ते तिलाच ऐकू गेलं असावं. अक्षया तिच्याकडे बघत होती. देवयानीने फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि पायरीच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्याकडे पाठ करून बसली. डब्यातले थालीपिठाचे तुकडे मुलांना तिने वाटले, ज्ञानोबाला विचारलं नाही. त्यानेही बघितलं नाही.

दहा चाळीसला पलीकडचा खांब दिसला. मग भिंत.

ज्ञानोबाने चावी ड्रायव्हरला दिली आणि सवयीने पुढचं दार उघडलं.

"तिथे मी बसणार," देवयानी म्हणाली. "तुम्ही मागे व्हा."

तो मागे झाला. मानेसर येईपर्यंत ती काचेतून समोर डोळे लावून होती. मानेसरलाही तिने मान वळवली नाही. दुपारी तीनला नऊच्या नऊ मुलं सोसायटीच्या गेटाशी उतरली. आम्ही खाली उभे होतो. कोणी ज्ञानोबाला काही म्हटलं नाही, पण त्याची बॅग परीक्षितनी उचलली.

मंगळवारी त्याच्या स्टुलावर पाकीट होतं. विनापरवानगी गैरहजर, एक रजा कापली. सही देवयानीची. त्याने घरी आणून ते गिरिजाला दाखवलं.

"आता गं बाई! परत का?" ती घाबरली.

"देते म्हनली हुती, दिला," ज्ञानोबा म्हणाला. कागद घडी घालून खिशात शिट्टीशेजारी ठेवला आणि फक्कीची पाटी उचलून मैदानाकडे निघाला.