मामांचा पाय आणि कडक ब्रेक

कोल्हापूरच्या स्टँडवर मामा मला घ्यायला आले होते, उजवा हात प्लास्टरमध्ये. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. तरुणपणी तालमीतले पैलवान, आता उचगावात राहतात. हौद्यात (कुस्तीच्या मातीत) गडी आडवे करणारा हा माणूस न्हाणीघरात घसरून पडला होता, म्हणून मला नाशिकहून बोलावणं. त्यांची मुलगी वैशाली शाहूवाडीकडच्या डोंगरात सासरी असते. तिला नववा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा तिला खाली आणायचं होतं. गाडी मामांची, चालवणार मी.

वाचकहो, मी रस्ता-सुरक्षेची पत्रकं लिहिते आणि चौकात उभी राहून वाटते. त्यामुळे पुढचं वाचताना हसायचं तर हसा.

सकाळी निघालो. उचगाव सोडताना पहिल्याच गतिरोधकाला (पांढरे पट्टे नाहीत, फलक नाही, पण ते राहू दे) ब्रेक दाबला आणि पाय दगडावर टेकल्यासारखा थांबला. पेडल खाली जाईचना. तेवढ्यात एका म्हशीने रस्ता ओलांडायला घेतला. मी सीटवरून उठून दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहिले. गाडी थांबली तेव्हा म्हैस हातभर अंतरावर होती आणि निवांत माझ्याकडे बघत होती.

म्हशीचा मालक मात्र निवांत नव्हता. "ओ पावणं, ब्रेक घरी ठिवून आलाय काय?" मग खिडकीत मला पाहून, "ताई हाय व्हय! शिकायचं आसलं तर माळावर जावा की!"

शेजारी बसलेले मामा म्हणाले, "पेडल बरं हाय. तुझ्या पायात जोर न्हाय. जरा भाकरी खात जा."

माझं डोकं सटकलं. नऊ वर्षं गाडी चालवते मी. "मामा, ब्रेक लावायला पैलवान लागत असेल तर ती गाडी नव्हे, आखाडा आहे. वैशालीला मी यात बसवणार नाही."

"आगं, गेल्या महिन्यात नवं पॅड टाकल्यात!"

"टाकू देत. मी पुढे जाणार नाही."

पहिल्या गिअरमध्ये, कडेकडेने, हॅन्डब्रेकवर हात ठेवून जवळच्या गॅरेजपर्यंत पोचले. तिथले दस्तगीरचाचा साठीचे. मामांना बघताच म्हणाले, "या पैलवान! हाताला कुणी पाडलं?" मामांनी विषय बदलला.

मी तावातावाने सगळं सांगितलं. चाचांनी पान्याला हात लावला नाही, चाकाकडे तर बघितलंही नाही. सुरू इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. "रेस वरखाली होतीया. हवा खातीया गाडी." मग मला म्हणाले, "ताई, इंजन बंद करा. ब्रेक चार-पाच येळा दाबा." दाबला. "आता पाय तसाच दाबून ठेवा, आन् चावी मारा." मारली. "पाय खाली गेला?"

"नाही."

"जायला पायजे. तुमच्या पायाचा काय गुन्हा न्हाय."

एवढं एक वाक्य ऐकायला मी सकाळपासून आसुसले होते.

चाचांनी बॉनेट उघडून एक काळा डबा दाखवला. हा बूस्टर. इंजिन हवा ओढून घेतं, त्या ओढीवर हा डबा आपल्या पायाला जोर देतो. इंजिनाकडून डब्यात येणारा रबरी पाइप क्लिपखाली चिरला होता. कान जवळ नेला तर फुस्सऽ असा आवाज स्पष्ट येत होता. म्हणजे पॅड नवे होते, चाकं ठीक होती, फक्त सगळा जोर पायानेच लावावा लागत होता.

"टेप गुंडाळ की," मामा म्हणाले.

"पैलवान, ह्यो पाइप हाय, तुमचं मनगाट न्हवं."

चाचांनी नवा पाइप बसवला. पुन्हा तीच परीक्षा: इंजिन बंद, चार-पाच दाब, पाय तसाच, चावी. आणि पेडल माझ्या पायाखाली हळूच खाली गेलं. मी मोठ्याने हसले. मग चाचांनी मला शेजारी बसवून रिकाम्या रस्त्यावर गाडी पळवली, तीनदा कचकन थांबवली, आणि मगच "जावा आता" म्हणाले.

 शहर मागे पडल्यावर मामा बोलले. "मागल्या महिन्यात तुझ्या मामीला घिऊन जोतिबाला गेलतो. उताराला ब्रेक लई जड लागला. म्हटलं, वय झालं आपलं. पाय गेला. म्हणून कुणाला बोललो न्हाय." थोड्या वेळाने स्वतःच्या मांडीवर थाप मारत म्हणाले, "म्हंजे पाय बरा हाय की गं माझा!"

त्यांच्यावर ओरडायचं मी ठरवलं होतं. जमलं नाही.

शाहूवाडीकडे भातकापणी चालू होती. खाचरं पिवळी, बांधांवर पेंढ्या, हवेत ओल्या पेंढ्याचा वास. वैशालीच्या सासूबाईंनी नाचणीची भाकरी, दही आणि खरडा (भाजलेल्या मिरचीचा ठेचा) वाढला. मामांनी "हिला अजून एक वाढा, पायात जोर न्हाय" म्हणून सूड उगवला. मी दोन खाल्ल्या.

परतीला वैशाली शेजारी, मामा मागे. तो उतार मी जन्मात विसरणार नाही: एकीकडे दरी, कठडा नाही (यावर पत्रक निघणारच), आणि वळणावळणाला पाय नुसता टेकवला की गाडी ऐकत होती. आमच्या पत्रकांत रस्ता येतो, बांधकाम खातं येतं, कंत्राटदार येतो. घरातला माणूस "मला जड लागतंय" हे लाजेपोटी बोलत नाही, हे मात्र कुठल्याच पत्रकात मी आजवर लिहिलं नव्हतं.

उचगावात शिरताना ऊन कललं होतं. तोच गतिरोधक आणि, खरं सांगते, तीच म्हैस, आता घरी निघालेली. मी ब्रेकवर पाय ठेवला. मागून मामांनी श्वास रोखल्याचं मला ऐकू आलं. गाडी अलगद थांबली. मालकाने मला ओळखलं आणि मोठ्याने विचारलं, "शिकला व्हय ताई?"

"हळू बोला," मामा खिडकीतून म्हणाले. "पोरगी झोपलीया."