दोन शब्दांचं नाव

माझ्या खानावळीत जेवणाऱ्या त्या पोराने कशालाही कधी चांगलं किंवा वाईट म्हटलं नाही. तो फक्त "बसतं" किंवा "बसत न्हाई" म्हणायचा. आमटी जमली तर "बसती, मावशी." भाकरी जाड झाली तर "ही बसत न्हाई", आणि तरी खायचा. बाकीची पोरं त्याला नमुना म्हणत. मीही तेच म्हणू लागले.

तो कवठे महांकाळचा. सांगलीत कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होता. तिथे टाइप होणाऱ्या नावांच्या याद्या तो तपासायचा, पर्ल नावाच्या मशीनच्या भाषेत. मी विचारलं, एवढी नावं वाचतोस कधी? म्हणाला, "मी वाचत न्हाई. नाव कसं असतंय त्याचा नमुना लिवतो. मशीन एकेक ओळ त्याला लावून बघतंय. बसली तर आत, न्हाई तर भाईर." कागदावर काढूनही दाखवलं. ठिपके, फुल्या, कंस. शाईत पडलेली माशी कागदावरून चालावी तसं. मी चौथी शिकलेली, म्हटलं मला काही कळत नाही. म्हणाला, "आमच्या मालकाला बी न्हाई कळत. त्यो नुसता मान हलवतो."

चुकायचाही. एका यादीत बायकांच्या नावापुढचं 'बाई' काढायचं होतं. याने मशीनला सांगितलं, दिसेल तिथून काढ. नावं इंग्रजी अक्षरांत होती, आणि इंग्रजीत मुंबईच्या शेवटीही तीच अक्षरं येतात, त्यामुळे पत्त्यातल्या मुंबईचंही शेपूट गेलं. मालकाने शिव्या घातल्या. जेवताना म्हणाला, "मशीनला सांगावं तेवढंच करतंय. कुठं थांबायचं ते मी सांगितलं न्हाई." आणि ताक मागितलं.

त्याच सुमारास माझ्या घरमालकाला खोल्या रिकाम्या करून हव्या होत्या. कष्टकरी बायकांच्या घरबांधणी संस्थेत मी जागेसाठी नाव दिलं होतं. जागा मिळाली तर चूल राहणार, नाही तर रस्ता. ती यादी तपासायला याच्याच दुकानात आली.

"मावशी, तुमचं नाव भाईर पडलंय."

"का रं?"

"नाव तीन शब्दांचं पायजे. तुमचं नुसतंच शेवंता लोंढे. मधी मालकांचं टाका, लगीच बसतंय."

"नवरा दुसरीसंगं मिरजेत नांदतोय. नाव घालून त्याला परत आणू व्हय?"

"मग वडलांचं घाला."

"त्यानंच त्या घरात दिली मला. न्हाई घालत."

"आवं, पर नियम हाय."

"कुणी केला?"

हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "मीच."

उरलेली भाकरी तशीच ठेवून उठला. मी ती शेजाऱ्यांच्या म्हशीला घातली.

दुसऱ्या दिवशी आला आणि ताट ओढत म्हणाला, "मधल्या शब्दामागं प्रश्नचिन्ह टाकलंय. म्हंजे त्यो असला तरी बसतं, नसला तरी बसतं."

"मावशीच्या नवऱ्याला प्रश्नचिन्ह लावलं गड्या नमुन्यानं," एक पोरगा म्हणाला. सगळे हसले. मी हसले नाही. याला एक भाकरी जास्त वाढली. माझ्यासारख्या आणखीही काही जणी होत्या, त्याही आत आल्या. संस्थेचा चेअरमन दुकानात येऊन म्हणाला, ही अर्धवट नावं कशी राहिली? हा म्हणाला, "अर्धवट न्हाईत सायेब, तेवढीच हायत." चेअरमनने यादी तशीच नेली.

पुढच्या वर्षी त्याला पुण्यात नोकरी लागली. पाया पडला. मी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. पुण्यात त्याला कावीळ झाली. अंगावर काढली. गावी आणला तेव्हा उशीर झाला होता. तो गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पीठ मळत होते. मळून संपवलं. जेवणारे यायचे होते. महांकाळला मी गेले नाही. रडूही आलं नाही, का ते माहीत नाही.

जागा मिळाली. वर पत्रा घातला, खानावळ इथेच चालते. नवीन पोरं विचारतात, मावशी, ही जागा कुणी मिळवून दिली? सांगते, एका पोरानं. कुठला? महांकाळचा. आता कुठं असतो? "न्हाई आता," म्हणते. मग ती खाली बघून जेवतात. मी विचारते, आमटी वाढू का.