मल्लिनाथचा आऊट पंच

मल्लिनाथ गेला त्याला आज महिना झाला. कंपनीच्या डॅशबोर्डवर तो अजून ड्युटीवर आहे.

त्या दिवशी सकाळी गेटवर अंगठा लावून टॉवेलच्या शेडमध्ये शिरला. दुपारी छातीत कळ आली. पोरांनी उचलून टेम्पोत घातला. दवाखाना गाठायच्या आत संपला.

सुटताना लावायचा अंगठा, आऊट पंच, राहिला.

आऊट नसला की सॉफ्टवेअर आत्ताच्या वेळेतून इन टाइम वजा करतं. म्हणून कामाच्या तासांच्या चार्टात मल्ल्याचा बार रोज वाढतोय. शेजारी आम्ही सगळे मुंगीएवढे.

साहेब म्हणाले, “अरे, चोवीस तासांच्या वरची व्हॅल्यू फिल्टर करून टाक. मीटिंगमध्ये बरं दिसत नाही.”

साहेबांचं काही चुकलं नाही. असले फिल्टर मी रोज लावतो.

लावला. बार गायब. चार्ट एकदम शहाण्यासारखा दिसायला लागला.

खाली हजेरी बघितली. फिल्टर अख्ख्या पानाला लागला होता. त्या तारखेला मल्लिनाथ: गैरहजर.

डोकंच फिरलं माझं. गड्ड्याच्या जत्रेला सुट्टी मागताना लाजणारा माणूस, आणि गैरहजर?

चार्टापुरता लावला, तर हजेरीत ‘अपूर्ण’. तेही बघवेना.

काढला. लावला. परत काढला. खुर्चीत बसवेना. आऊट टाइम हातानं भरता येतो, पण वेळ तर कळायला पाहिजे. उठलो आणि गेटवर गेलो.

वॉचमन तुकाराममामांना विचारलं, “मामा, मल्ल्याला किती वाजता नेलं?”

“ध्यानात न्हाय बाबा. पन हितं आल्यावर त्यानं मशीनकडं हात केला हुता. अंगठा लावायला. मीच म्हनलो, आरं ऱ्हाऊ दे की, आदी दवाखाना गाटा.”

मामांचे डोळे भरले. “लावू द्यायला पायजे हुता का रं?”

“न्हाय मामा.”

वर आलो. आऊट टाइम भरला. शिफ्ट सुटायची वेळ. पूर्ण दिवस.

साहेबांनी बघितलं. “दुपारीच नेलं ना त्याला?”

“हो सर. बदलायचं असेल तर तुम्ही बदला.”

त्यांनी नाही बदललं.

आता त्याचा बार आमच्याएवढाच आहे. महिनाभर रोज वाढत होता. आज थांबला.

मल्ल्या, तुझी जायची वेळ मला लिहायला लागली बे.

नीट जा.