आधी सुटेल ती गाडी

पोखर्णीच्या शाळेत शिकवायला मी रोज सकाळी परभणीहून पॅसेंजरनं जातो. त्या दिवशी समोर एक गृहस्थ खिडकीला नाक लावून बसले होते. डोक्यावर पांढरी टोपी, मांडीवर भाकरीचं फडकं. झरीहून पाण्याची मोटार दुरुस्तीला घेऊन आलेले. मिस्त्रीनं संध्याकाळी या म्हटल्यावर ते थेट स्टेशनवर आले.

"म्हटलं, जी गाडी आधी सुटंल तिचं तिकीट द्या. ही झाली की पूर्णेची, मग मानवत रोडची. आमच्या झरीला रेल्वे न्हाई ना, म्हणून लय नाद हाय."

प्रत्येक फाटकाला ते हात हलवत. रूळ बदलताना खडखडाट झाला की समेवर आल्यासारखी मान डोलवत. मग डोळे मिटून नुसत्या आवाजावरून पूल आला, वळण आलं, असं सांगू लागले. सगळं बरोबर!

मला राहवलं नाही. "आठ वर्षं रोज येतोय मी. हा रस्ता झोपेतही पाठ आहे," म्हणत मीही डोळे मिटले. थोड्या वेळानं गाडी थांबली.

"क्रॉसिंग," मी ठामपणे सांगितलं. "समोरून एक्स्प्रेस येतेय."

गाडी हलली. डोळे उघडले, तर पोखर्णीची पाटी मागे चालली होती. "अहो, माझी शाळा मागे राहिली! आज परिपाठ माझ्याकडे होता!" मी कपाळाला हात लावला.

ते पोटभर हसले आणि परभणीपासून धरून ठेवलेली खिडकी सोडून उठले.

"बसा इथं, सर. आठ वर्षांत आज पैल्यांदा रेल्वेत बसलात तुमी."